'स्वस्त-महाग'च्या पलीकडचा अर्थसंकल्प

अर्थमंत्र्यांचे भाषण संपते न संपते तोच दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दोन रकाने झळकू लागतात : काय स्वस्त, काय महाग. पगारदार माणूस प्राप्तिकराच्या नव्या कोष्टकात आपले किती वाचले ते पाहतो आणि सायंकाळपर्यंत देशाच्या वर्षभराच्या जमाखर्चाची चर्चा आटोपते. 'सामान्यांना दिलासा' की 'तोंडाला पाने पुसली', एवढाच काय तो निवाडा!

वास्तविक 'स्वस्त-महाग'ची ही यादी आता कालबाह्य झाली आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि साबणापासून मोटारीपर्यंत बहुतेक वस्तूंवरील कराचे दर केंद्र व राज्यांची संयुक्त परिषद ठरवू लागली. तिच्यात मतांचे एक तृतीयांश मूल्य केंद्राचे, तर दोन तृतीयांश राज्यांचे. सप्टेंबर २०२५ मध्ये या दरांची मोठी फेररचना झाली, ती याच परिषदेच्या निर्णयाने. अर्थसंकल्प त्यापूर्वीच सात महिने मांडून झाला होता.

'कर आम्ही नोकरदार भरतो, बाकीचे फुकट खातात' हा मध्यमवर्गाचा लाडका समज. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पी अंदाजानुसार केंद्राच्या तिजोरीत येणाऱ्या रुपयात प्राप्तिकराचे २२ पैसे आहेत हे खरे; पण वस्तू व सेवा कराचेही १८ पैसे आहेत. साबणाची वडी विकत घेणारी मोलकरीणसुद्धा करदातीच आहे. तिला विवरणपत्र भरावे लागत नाही, इतकेच.

आणि त्या रुपयात सर्वांत मोठा वाटा कोणत्याच कराचा नाही. तो कर्जाचा आहे : २४ पैसे. ५०.६५ लाख कोटींच्या खर्चासाठी १५.६९ लाख कोटी उसने आणावयाचे, ही राजकोषीय तूट. कर्ज काढणे हे मुळात पाप नव्हे. घर बांधण्यासाठी कुटुंब कर्ज काढते, तसे रस्ते व लोहमार्गांसाठी सरकारने काढले तर त्यातून उद्याचे उत्पन्न उभे राहते. परंतु या कर्जापैकी ५.२४ लाख कोटी, म्हणजे एक तृतीयांश, महसुली तुटीचे आहेत. चालू खर्च चालू उत्पन्नातून भागत नाही म्हणून घेतलेले. पूर्वीच्या कर्जांचे व्याजच जाणाऱ्या रुपयातील २० पैसे नेते, तर संरक्षणाच्या वाट्याला ८ पैसे येतात. अर्थसंकल्पाच्या दिवशी वाचावयाचा आकडा हा आहे, आणि तो बहुधा आतल्या पानावर असतो.

मग सरकार नोटा का छापत नाही? हा प्रश्न सुशिक्षितही विचारतात. तसे होत असे. तूट भरून काढण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडून हवी तेव्हा उचल घेण्याची जुनी पद्धत १९९७ मध्ये बंद करण्यात आली. पुढे २००३ च्या कायद्याने बँकेने सरकारी रोखे थेट सरकारकडून घेण्यावरही, अपवादात्मक परिस्थिती वगळता, निर्बंध घातला. नोटा वाढल्या आणि धान्य तेवढेच राहिले, तर भाव चढतात. त्याची झळ प्रथम हातावर पोट असणाऱ्याला बसते.

२०२५ मध्ये नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त झाले. त्यासह प्रत्यक्ष करांतील सवलतींपोटी सुमारे एक लाख कोटींच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असे अर्थमंत्र्यांनीच संसदेत सांगितले. या सवलतीचे समर्थन करता येईल. पण सरकारच्या वहीत न आलेला रुपया आणि दिलेला रुपया यांचा तुटीवरील परिणाम सारखाच असतो. तरीही आपल्याला मिळाला तो 'दिलासा' आणि शेतकऱ्याला मिळाली ती 'खिरापत', हे कोणत्या हिशेबाने?