अजिंठ्याची रेषा

अजिंठ्याचीं लेणीं आमच्या सोयगांव तालुक्यांतलीं. तेथील पद्मपाणि आज कॅलेंडरांवर, साड्यांवर, उपाहारगृहांच्या भिंतींवरही दिसतो. यासच कित्येकजण अजिंठ्याचा प्रभाव म्हणतात. आम्हांस तें मान्य नाहीं.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांकडून या भित्तिचित्रांच्या नकला करविल्या. त्यांपैकीं पुष्कळ १८८५ सालीं लंडनच्या आगींत जळाल्या. पण नक्कल करतां करतां हातास लागलेलें वळण कोणती आग नेणार? अमृता शेरगिल यांनीं १९३६ सालीं हीं लेणीं पाहिलीं. पुढील वर्षीं त्यांनीं नवरीच्या साजशृंगाराचें चित्र काढलें. त्यांत पद्मपाणि नाहीं, कमळ नाहीं. आहे ती मातकट तांबडी छटा आणि सपाट, शांत आकृति. अनुकरण नव्हे, शिक्षण तें हेंच.

जुना चितारी चिखलांत भाताचा तूस व तंतु कालवून भिंत लिंपी, वर चुन्याचा पातळ हात देई, मग गेरूनें रेषा ओढी. आम्ही मात्र छापील चित्रावर पातळ कागद ठेवून पद्मपाणि गिरविला! (गुणही बरे मिळाले.)

चित्रकलेच्या वर्गानें पुढील सालीं लेण्यांत जावें. आंत नुसतें पाहावें. बाहेर येऊन एकच हात आठवणीनें काढावा, चुकल्यास पुन्हां आंत जावें.