गाऱ्हाण्यास सनदशीर वाट हवी

सन 2014 च्या मे महिन्यात कल्याणचे चार तरुण, ज्यांत अभियांत्रिकीचे विद्यार्थीही होते, ‘इस्लामिक स्टेट’च्या युद्धात सामील होण्यासाठी इराककडे निघून गेले, तेव्हा उच्च शिक्षण हे अतिरेकापासून आपोआप रक्षण करते, ही आपली भाबडी समजूत ढासळली. पदवी कौशल्य देते. विवेक मात्र निराळा जोपासावा लागतो.

संतापास विवेकाची वाट कशी द्यावी, हे जाणण्यासाठी विद्यापीठांनी मध्य प्रदेशाच्या धार जिल्ह्यातील निसरपुराकडे पाहावे. सन 2019 च्या सप्टेंबरात नर्मदेवरील सरदार सरोवर 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीस पोहोचले आणि कुक्षी तहसिलीतील या बाजारगावाची घरेदारे व दुकाने पाण्याखाली गेली. द्वेषाच्या प्रचारकास याहून सुपीक जमीन ती कोणती? तथापि धरणग्रस्तांच्या नर्मदा बचाव आंदोलनाने हा संताप अर्ज, पदयात्रा, उपोषण व न्यायालयीन दाद या मार्गांनीच वाहता ठेवला. गाव बुडण्यापूर्वीच, सन 2017 च्या फेब्रुवारीत, सर्वोच्च न्यायालयाने, जमिनीऐवजी जमीन न मिळालेल्या पात्र कुटुंबांस दोन हेक्टरांपोटी 60 लाख रुपये देण्याचा हुकूम केला. गाव वाचले नाही, हे खरे. पण माणसे हिंसेच्या आहारी गेली नाहीत.

म्हणून केवळ पहारे आणि परिपत्रके यांवर विसंबून न राहता विद्यापीठांनी वादसभा खुल्या ठेवाव्यात, विद्यार्थ्यांस निवाडे व पंचनामे वाचावयास शिकवावे, आणि त्यांच्या तक्रारींस मुदतीत लेखी उत्तर द्यावे. ज्याचे गाऱ्हाणे दप्तरी दाखल होऊन ऐकले जाते, त्यास भडकविणे सोपे नसते.