वानराला घराचा रस्ता दाखवला कोणी?

हरभरा घाट्यावर आला आणि तुरीच्या शेंगा भरल्या की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक म्हणजे, कितीतरी घरांना कुलूप लागून माणसं ऊसतोडीला गेलेली असतात. दुसरी म्हणजे, वानरांचा कळप गावात उतरलेला असतो. मागं राहिलेली म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं पत्र्याचा डबा वाजवत दिवसभर राखण करतात. डबा वाजायचा थांबला की कळप परत माळवदावर.

मागच्या थंडीत तालुक्यातल्या एका गावात बोंडअळीवर माहिती द्यायला गेलो होतो. फरदड ठेवू नका, पऱ्हाट्या वेळेवर काढा, हे सगळं सांगून झालं. काही शंका आहे का म्हणून विचारलं, तर मागून एक आजी उठल्या. "सायब, बोंडअळीचं ऱ्हाऊ द्या. ह्या वान्नराचं काही औषध हाय का तुमच्याजवळ? दोन पत्रे फोडलेत. परवा नातवाच्या हातातली भाकर हिसकून नेली." सगळे हसले. मीही हसलो, कारण उत्तर नव्हतं. आजी मात्र हसत नव्हत्या. त्यांचं उत्तर देणं राहिलं होतं, ते आज देतो.

माजलगाव तालुका आणि वानर म्हटलं की बाहेरच्या माणसाला एकच गोष्ट आठवते, लऊळची. डिसेंबर २०२१ मध्ये माजलगावपासून दहाएक किलोमीटरवरच्या या गावाचं नाव जगभर गेलं. कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं म्हणून वानरांनी सूड घेतला आणि अडीचशे कुत्र्यांची पिल्लं मारली, अशी ती बातमी. पुढं नागपूरहून पथक आलं, दोन वानरं पकडली आणि जंगलात सोडायला नेली. लोकांनी मोबाइलवर चित्रं करून वाटली, विनोद केले. पण एका गावात अडीचशे पिल्लं होती का, आणि ती मोजली कोणी, हे विचारायला फार थोडे थांबले.

लऊळला त्रास झाला, हे खरंच आहे. वानरं पिल्लं उचलत होती, झाडावर, माडीवर नेत होती. आता दूध पिणारं पिल्लू आईपासून तोडून उंचावर नेलं तर ते उपाशी मरणार किंवा खाली पडून मरणार. त्याला सूडाची गरज नाही. पिल्लू सोडवायला वर चढलेला एक माणूस पडून जखमी झाल्याचीही बातमी होती. शाळेत जाणारी मुलं घाबरली होती. पण 'सूड' हा शब्द एकदा छापला गेला की पुढचं सगळं त्याच वाटेनं जातं. वानर आला की माणूस काठी घेऊन धावतो, माडीवरून खाली पडतो, नाहीतर चावून घेतो. म्हणून या जनावराची आधी नीट ओळख करून घेऊ.

आपल्याकडचं वानर म्हणजे काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं. तांबड्या तोंडाचं माकड वेगळं. वानराचं पोट पाला पचवायला बनलेलं आहे, रवंथ करणाऱ्या जनावरासारखे त्याच्या जठराचे कप्पे असतात. वड, पिंपळ, चिंच, शिरस, बोर यांचा पाला, कळ्या, शेंगा, फळं हे त्याचं खरं खाणं. एका कळपात बहुधा एक मोठा हुप्प्या, बाकी माद्या आणि पिल्लं. ज्या नरांना कळप मिळाला नाही, त्यांची वेगळी टोळी फिरत असते. ही टोळी संधी बघत असते. कळपातला हुप्प्या हटला की बाहेरचा नर येऊन कळप ताब्यात घेतो, आणि पुष्कळदा अंगावरची पिल्लं मारून टाकतो. राजस्थानातल्या अबूच्या डोंगरावर सारा हर्डी या अमेरिकन बाईंनी १९७० च्या दशकात वर्षानुवर्षं वानरांचा अभ्यास करून हे लिहिलं. आपल्या कामाचं त्यात एवढंच, की "तेवढा मोठा हुप्प्या धरून न्या" असा अर्ज केल्यानं गावातला दंगा थांबतोच असं नाही. जागा रिकामी झाली की दुसरा येतो, आणि काही दिवस जास्तच धुमाकूळ होतो.

तो येतो कशाला, हा खरा प्रश्न आहे. आपल्या जिल्ह्यात जंगल किती, ते तुम्ही जाणताच. धारूर-अंबाजोगाईकडं बालाघाटाच्या कडेला थोडं, बाकी बोडके माळ. रस्ते रुंद झाले तशा कडेच्या जुन्या चिंचा, वडं गेली. दुसऱ्या बाजूनं माजलगाव धरणाचं पाणी आलं, कॅनॉलखाली ऊस, केळी, पपई, बारमाही हिरवाई आली. घरामागं शेवगा आला. वानराच्या नजरेनं बघा, पाला गेला आणि त्याच्यापेक्षा गोड खाणं गावाजवळ आलं. त्यात आपण भर घालतो.

इथं माझ्याच घरची गोष्ट सांगतो. माजलगावात नव्या प्लॉटिंगमध्ये आमचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. आई दर शनिवारी मारुतीच्या नावानं दोन पोळ्या गच्चीच्या कठड्यावर ठेवायची. सुरुवातीला एकच वानर यायचं, आम्हालाही कौतुक. चार महिन्यांत तेवीस वानरं झाली, मी मोजली आहेत. त्यांना शनिवार कळत नाही. पोळी नसली की वाळवण, वाळवण नसलं की पाण्याच्या टाकीचं झाकण, काहीच नसलं की डिशची वायर. मी गावोगाव जाऊन लोकांना शहाणपण सांगणारा माणूस, आणि माझ्याच घरी जनावराला सवय लावली जात होती. आईला सांगायला मला वर्ष लागलं.

श्रद्धेला माझा विरोध नाही. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात उपळा नावाचं गाव आहे. तिथं बत्तीस एकर जमीन गावातल्या वानरांच्या नावावर असल्याची नोंद निघाली, २०२२ मध्ये ते पेपरात आलं होतं. पूर्वी लग्नाकार्यातही त्यांचा मान असायचा म्हणे. ही माया मोठी आहे. पण उपळ्याच्या जुन्या माणसांनी वानराला जमीन दिली, आपण बिस्किटाचा पुडा देतो. जमिनीवर झाड येतं. बिस्किटासाठी वानर उंबऱ्यापर्यंत येतं आणि उद्या पोराच्या हातातला पुडा ओढतं. घाटात गाडी थांबवून केळी टाकणाऱ्यांनाही हेच सांगायचं आहे. फोटो तुमचा निघतो, पण त्या वळणावर गाडीखाली मरतं ते वानर, आणि शेंगा जातात त्या खालच्या वाडीच्या.

हा त्रास फक्त आपलाच नाही. कॅनडातल्या टोरांटो शहरात रॅकून नावाचं मांजराहून मोठं, डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेलं जनावर रात्री कचरापेट्या उपसतं, घराच्या माळ्यावर पिल्लं घालतं. महापालिकेनं २०१६ पासून घरोघर खटक्याच्या झाकणाच्या पेट्या दिल्या. काही बिलंदर रॅकूननी त्याही उघडल्या, पण मार्ग त्यांनी बरोबर धरला होता. जनावर मोजत बसण्यापेक्षा त्याचं ताट झाकलं.

आता आजींच्या प्रश्नाकडं येतो. औषध नाही, बंदोबस्त आहे.

घराभोवतालचं खाणं आधी झाका. वाळवण घालायचं तर माणूस बसवून, नाहीतर वरून बारीक जाळी ताणून. शिळं-पाकं उकिरड्यावर उघडं टाकू नका, खड्ड्यात टाकून माती ओढा. टाकीचं झाकण तारेनं बांधा. पिकलेली पपई, शेवग्याच्या शेंगा झाडावर ठेवू नका, आदल्या दिवशीच उतरवा. मग फांद्या बघा. वानर आडवी उडी चार-साडेचार मीटर सहज मारतं, उंचावरून खाली तर दहा मीटरच्या पुढं. म्हणजे घरापासून पंधरा फुटांच्या आत आलेली फांदी ही त्याची शिडी आहे. झाड तोडू नका, तेवढ्याच फांद्या छाटा. स्वयंपाकघराच्या खिडकीला एक इंची वेल्डमेश बसवा, खर्च एकदाच होतो. पत्रा नुसत्या दगडावर दाबून ठेवला असेल तर आकड्यानं आवळून घ्या. सैल पत्रा जास्त वाजतो, सरकतो आणि फुटतो.

हाकलण्याच्या युक्त्या चार दिवस चालतात. बुजगावणं, चकाकणारी पट्टी, वाघाचा आवाज काढणारा भोंगा, वानर आठवड्यात ओळखतं. गंमत बघा, दिल्लीत माकडं हाकलायला पूर्वी वानरच नेमायचे. वानराला कायद्याचं संरक्षण असल्यानं ते पाळून नेणं बंद झालं, मग तोंडानं वानराचा आवाज काढणारी माणसं ठेवली. २०२३ मध्ये जी-२० च्या वेळी तर रस्त्याकडेला वानरांची मोठी चित्रं उभी केली. तिथं जे औषध, ते आपल्याकडं दुखणं. युक्ती करायचीच तर दर दोन-तीन दिवसांनी बदला, आणि सगळ्या गल्लीनं एकदम करा. एका घरानं हाकलायचं आणि दुसऱ्यानं पोळी टाकायची, यात डबा वाजवणाऱ्याचा हातच दुखतो.

दोन गोष्टी मात्र हात जोडून सांगतो. कुंपणाला घरातली लाइट जोडू नका. झटका मशीन वेगळं असतं. त्याचा झटका क्षणाचा, थांबून थांबून येणारा असतो, जनावर दचकून मागं फिरतं. मेनची लाइट तारेत सोडली की धरून ठेवते. रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी, नाहीतर तुमचंच पोरगं त्या तारेला लागतं. आणि मग गुन्हा लागतो तो वेगळाच. दुसरी गोष्ट कार्बाइडच्या बंदुकीची. पाइपात कार्बाइड आणि पाणी घालून बार काढायचा, असं हे खेळणं माकडं हाकलायला म्हणून शेतात आलं. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात ते मुलांच्या हातात गेलं, एकट्या भोपाळ भागात शंभरावर जणांच्या डोळ्यांना इजा झाली, काहींची दृष्टी गेली. बार उडाला नाही म्हणून पोरगं पाइपात डोकावतं, आणि तेवढ्यात तो उडतो. तुमच्या कोठ्यात असली बंदूक असेल तर आजच मोडा. विषाचं तर बोलायलाच नको. वानर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, त्याला मारणं गुन्हा आहे, आणि ठेवलेलं विष आधी वासराच्या नाहीतर कुत्र्याच्या पोटात जातं.

चावलं किंवा ओरबाडलं तर हळद-चुना लावत बसू नका. वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीचं विचारा. वानराचं काय होतंय, हे वाक्य ऐकू नका.

एखादा हुप्प्या खरंच अंगावर येत असेल, माणसं फोडत असेल, तर पकडावाच लागतो. पण ते काम वन विभागाचं. १९२६ या टोल फ्री नंबरवर फोन करा, आणि ग्रामपंचायतीचं पत्र द्या. आपण पिंजरा लावून पुढच्या गावाच्या शिवारात सोडून आलो, असं काही जण मिशीला पीळ देत सांगतात. त्या गावचे लोकही तेच करतात, भाऊ. तुमच्याकडं आलेलं कुठून आलं असेल?

पिकाचं नुकसान झालं तर भरपाईची तरतूद आहे. रानडुक्कर, हरिण, नीलगाय यांच्या यादीत माकड-वानरही आहे. अट एवढीच, की तीन दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षकाकडे, वनपालाकडे किंवा वनक्षेत्रपालाकडे तक्रार द्यायची. मग वन विभाग, कृषी खातं आणि ग्रामसेवक किंवा तलाठी (नावं आता बदलली, आमचंही बदललं, माणसं तीच) असे मिळून पंचनामा करतात. मी अशा पंचनाम्यांना गेलो आहे. निम्म्या ठिकाणी माणूस आठव्या दिवशी येतो, तोवर हरभरा उपटून नांगर फिरलेला असतो. मी काय लिहू? मोडलेलं पीक तसंच ठेवा, मोबाइलवर फोटो काढा, तक्रारीची पोच घ्या. आणि प्रशासनालाही सांगणं आहे. एका वनरक्षकाकडं किती गावं आहेत, ते एकदा बघा. तीन दिवसांची अट शेतकऱ्याला, तर ती तक्रार घ्यायला माणूस जागेवर सापडला पाहिजे.

ग्रामसभेत एक ठराव मात्र कुणाची वाट न बघता होऊ शकतो. गावात, देवळापुढं, एस्टी स्टँडवर वानराला खाऊ घालायचं नाही. ज्याला घालायचं आहे, त्यानं गायरानाच्या टोकाला उंबर, वड, चिंच लावावी आणि उन्हाळ्यात तिथंच हौद भरावा. झाड यायला दहा वर्षं लागतील, हे मलाही कळतं. खाऊ बंद करायला एक शनिवार पुरतो.

आमच्या घरी बंद झाला. आई आता ती पोळी शेजारच्या गायीला देते, पहिले दोन महिने माझ्याशी नीट बोलत नव्हती. कळप अजून येतो, पण थांबत नाही. परवा शनिवारी आला, टाकीवर बसला, झाकण ओढून बघितलं आणि तीन घरं पलीकडं उतरला. तिथल्या काकू अजून पोळी टाकतात. आज संध्याकाळी त्यांच्याकडं जाऊन यायचं आहे, आईला बरोबर घेऊन. माझं त्या ऐकणार नाहीत.