टिंग टाँग! कुणाकडे?

पिझ्झा माझा, बेल माझी आणि दार उघडलं शेजारच्या काकूंनी! आठवडाभर हाच सीन. कुरिअरवाला माझं बटण दाबणार, बेल दोन्ही घरांत वाजणार, आणि मी कानातले इअरफोन काढेपर्यंत काकूंनी त्या बिचाऱ्याची उलटतपासणी संपवलेली असणार.

चूक माझीच. काकूंची बेल बंद पडली होती, माझी कधी चालूच नव्हती. म्हणून मी एकसारखे दोन वायरलेस सेट आणले आणि काकूंच्या डायनिंग टेबलावर दोन्ही एकदम जोडायला बसले. इंजिनीअर ना आपण!

आता गंमत बघा. दारावरचं बटण म्हणजे ट्रान्समीटर. असे बरेचसे सेट ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास, एकाच गर्दीत बोलतात. म्हणून ओळख पटवायला प्रत्येक बटणाचा स्वतःचा कोड. घरात प्लगला लावतो तो डबा म्हणजे रिसिव्हर. त्याच्यावरचं बटण काही सेकंद दाबून धरलं, की तो 'शिकायला' बसतो आणि तेवढ्या वेळात जो कोड कानावर पडेल, तो पाठ करतो. माझे दोन्ही डबे एकाच वेळी वर्गात बसले होते. मी माझं बटण दाबलं, दोघांनीही पाठ केलं!

उपाय सोपा. दोन्ही डब्यांची मेमरी पुसायची (कशी, ते सेटमधल्या कागदावर असतं, तो फेकू नका). मग एक डबा प्लगमधून काढून ठेवायचा, दुसऱ्याचं पेअरिंग उरकायचं आणि नंतर अदलाबदल. रविवारी दहा मिनिटांत काम फत्ते.

पुढचा आठवडा एकदम शांत. बुधवारी लिफ्टपाशी काकू भेटल्या. म्हटलं, "काय काकू, आता त्रास नाही ना?"

"नाही गं. बेल छान आहे. वाजतच नाही."

काका दोन वर्षांपूर्वी गेले, मुलगा कॅनडात. आठवडाभर काकू बोलत होत्या, ते माझ्या पार्सलवाल्यांशीच.

मी परत पेअरिंगला बसले. माझ्या रिसिव्हरला एकाहून जास्त बटणं शिकवता येतात, प्रत्येकाला वेगळी ट्यूनही देता येते. त्याच कंपनीचं एक जादा बटण आणलं, माझ्या डब्याला शिकवलं आणि काकूंच्या पलंगाशेजारी चिकटवलं. काँक्रीटच्या भिंती आणि लोखंडी सेफ्टी डोअर रेंज खातात, म्हणून आधी तिथूनच दाबून बघितलं. वाजली! "रात्री काही वाटलं तर दाबा," मी बजावलं. दिवसा मी ऑफिसात, तेव्हा उपयोग शून्य, हे कबूल. त्या वेळेसाठी वॉचमनचा नंबर फोनमध्ये सेव्ह करून दिला.

शनिवारी सकाळी सात वाजता ती ट्यून वाजली. मी नाइट ड्रेसवरच धावले. काकू दारात उभ्या.

"काय झालं काकू?"

"काही नाही गं, पोहे केलेत. म्हटलं, चालतं का बघावं!"