दयेला ज्ञानाची जोड

भूतदया हा आपल्याकडे थोर गुण मानला जातो आणि तो थोर आहेही. परंतु मनात दया उपजली म्हणजे प्राण्याचे रक्षण झाले, असे समजणे धोक्याचे आहे. सांड्याचे उदाहरण घेऊ.

सांडा हा काटेरी शेपटीचा, मुख्यतः वनस्पती खाणारा सरडा आहे. थरच्या वाळवंटात आणि कच्छमध्ये तो बीळ करून राहतो, दिवसा उन्हात वावरतो आणि आत शिरल्यावर बिळाचे तोंड मातीने बंद करतो. त्याच्या चरबीच्या तेलाने दुखणी बरी होतात, या खुळ्या समजुतीपायी त्याची शिकार होते. पळून जाऊ नये म्हणून शिकारी त्याचा कणाच मोडतात.

समजा, जयपूरच्या आदर्श नगरासारख्या दाट वस्तीतील एखाद्या कुटुंबाने असा सांडा सोडवून घरी आणला. हेतू चांगलाच आहे. पण पुढे काय? सरपटणाऱ्या प्राण्यांचे शरीर स्वतःची उष्णता पुरेशी निर्माण करीत नाही. ऊब मिळाली नाही, तर खाल्लेले अन्नही पचत नाही. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे त्यांच्या शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते व त्याच्या साहाय्याने कॅल्शियम शोषले जाते. खिडकीच्या काचेतून ऊन आत येते, पण हे किरण बहुतांशी बाहेरच अडतात. मग रक्ताला लागणारे कॅल्शियम हाडांतून ओढले जाते. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, अंगाला कंप सुटतो. प्रेमाने रोज भरवलेला पालकही घातक ठरतो, कारण त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियम शोषू देत नाही. ही लक्षणे दिसेपर्यंत रोग बराच बळावलेला असतो; प्राणी मात्र निमूटपणे पडून असतो. त्या शांतपणाला आपण ‘माणसाळणे’ म्हणतो, ही खरी शोकांतिका आहे.

‘सरकारी व्यवस्थेपेक्षा आमच्या घरी त्याची काळजी अधिक घेतली जाईल,’ असे कोणी म्हणेल. व्यवस्थेत उणिवा असतात, हे मान्य. परंतु मोडलेल्या कण्यावर उपचार करणे हे घरगुती काम नव्हे, आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार सांडा हा संरक्षित प्राणी आहे. तो घरी पाळता येत नाही. शिवाय दयेपोटी विक्रेत्याला पैसे देऊन सोडवलेल्या एका सांड्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, कारण विक्रेता पुन्हा बिळाकडेच वळतो.

म्हणून जखमी सांडा दिसल्यास त्याला हवेशीर खोक्यात, शांत जागी ठेवावे, जबरदस्तीने काही भरवू नये आणि विनाविलंब वनविभागाला कळवावे. त्याला जवळ ठेवण्यात आपले समाधान आहे. त्याचे हित मात्र योग्य उपचारांत आणि शक्य झाल्यास आपल्या मातीत परतण्यात आहे. या दोहोंतला फरक ओळखणे, हीच सुजाण भूतदया होय.