चंद्र महाग की दिरंगाई?

केळीच्या भावाचा भरवसा नाही, कपाशीचा खर्च निघत नाही, यावल-रावेरच्या विहिरींचे पाणी खोल खोल चालले आहे, आणि सरकार मात्र चंद्रावर माणूस पाठवायला निघाले आहे! जळगाव-धुळ्याच्या कोणत्याही सभेत हे वाक्य टाकावे, टाळी हमखास मिळते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंतप्रधानांनी २०३५ पर्यंत भारतीय अंतराळ स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय मनुष्य, अशी दोन उद्दिष्टे घालून दिली. तेव्हापासून या युक्तिवादाला नवा बहर आला आहे. तो शेतकऱ्याच्या नावाने केला जातो. म्हणून त्याची परीक्षा शेतकऱ्यांच्या खानदेशातच व्हावी, हे उचित होय.

आक्षेप त्याच्या सर्वांत प्रबळ रूपातच घेऊ. गगनयान कार्यक्रमाचा मंजूर खर्च सप्टेंबर २०२४ मध्ये २०,१९३ कोटी रुपयांवर गेला. त्यात अंतराळ स्थानकाच्या पहिल्या भागाचाही समावेश आहे. दुसरीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी भूजल भरून काढणाऱ्या तापी महापुनर्भरण योजनेचा अंदाजित खर्च १९,२४४ कोटी आहे. तिचा लाभ महाराष्ट्रातील २ लाख ३४ हजारांहून अधिक हेक्टर क्षेत्राला व्हावयाचा आहे. दोन्ही रकमा जवळजवळ सारख्या! मग आधी चंद्र की आधी तापी? प्रश्न हिशेबाचा आहे, तेव्हा उत्तरही हिशेबानेच दिले पाहिजे.

२०,१९३ कोटी हा एका वर्षाचा खर्च नव्हे. तो सुमारे दशकभराचा आहे. १४० कोटी देशवासीयांत तो वाटला तर दरडोई सुमारे १४४ रुपये होतात. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात केंद्राचा एकूण खर्च ४८ लाख कोटींहून अधिक होता आणि अंतराळ विभागाची तरतूद १३,०४२ कोटी होती. म्हणजे शंभर रुपयांतील सत्तावीस पैसे. हे सत्तावीस पैसे काढून घेतले की उरलेल्या नव्याण्णव रुपये त्र्याहत्तर पैशांना जे जमले नाही ते जमेल, असे मानणे भाबडेपणाचे आहे.

तापीची योजना तरी कशापायी अडली होती? महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात करार होत नव्हता. तो १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये झाला. एवढी वर्षे जी वाट पाहावी लागली ती सह्यांची होती. श्रीहरिकोट्याने त्या सह्या रोखून धरलेल्या नव्हत्या.

त्याहून बोलके उदाहरण अमळनेर तालुक्यातील पाडळसे धरणाचे. निम्न तापी प्रकल्प म्हणून १९९० च्या दशकात मान्यता मिळाली तेव्हा खर्च होता सुमारे १४२ कोटी. डिसेंबर २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्य केलेला सुधारित खर्च आहे ४,८९० कोटी! महागाई आणि वाढीव कामे हिशेबात धरली, तरी एका पिढीच्या विलंबाची किंमत या दोन आकड्यांत उघडी पडते. या वाढीव रकमेत किती चांद्रयाने बसली असती? चांद्रयान-१ ला ३८६ कोटी लागले, चांद्रयान-३ ला सुमारे ६१५ कोटी. शेतकऱ्याचा पैसा चंद्राने नेलेला नाही. तो दिरंगाईने गिळला आहे. शेतकऱ्याचा कैवार घेणाऱ्या विचारवंतांनी दिरंगाईवर किती लेख लिहिले, हेही एकदा मोजावे.

दुसरा आक्षेप अधिक विचारी आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी यंत्राने दक्षिण ध्रुवाजवळ उतरून दाखवले. मग माणूस कशाला? अमेरिकेने अपोलोवर पंचवीस अब्ज डॉलरांवर खर्च केला, बारा जण चंद्रावर चालले आणि डिसेंबर १९७२ मध्ये ते पर्व संपले. नव्या आर्टेमिस कार्यक्रमाचा २०२५ पर्यंतचा खर्च ९३ अब्ज डॉलरांवर जाईल, असे नासाच्याच महानिरीक्षकांनी २०२१ मध्ये सांगितले होते. ध्वज रोवून छायाचित्र काढण्यासाठी आपण त्यांची नक्कल करणार असू, तर हा आक्षेप आम्हीही मान्य करू.

पण प्रश्न छायाचित्राचा नाही. चंद्रावर कोणत्याही राष्ट्राला स्वामित्व सांगता येणार नाही, असे १९६७ चा अंतराळ करार सांगतो. तेथील खनिजे आणि पाणी कोणी, कसे वापरावे याचे सर्वमान्य नियम मात्र अद्याप ठरलेले नाहीत. ते उद्या तेथे वावरणारी राष्ट्रेच ठरवतील, आणि चीनने २०३० पर्यंत आपली माणसे उतरवण्याचे लक्ष्य ठेवले आहे. उशिरा येणाऱ्याची गत काय होते, हे आपण अनुभवले आहे. १ जानेवारी १९६७ पूर्वी अणुस्फोट करणाऱ्यांनाच अण्वस्त्रधारी मानणारा करार झाला आणि भारत कायमचा बाहेर राहिला. क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्रज्ञान रशियाकडून मिळणार होते. अमेरिकेच्या दडपणाने १९९३ मध्ये तेही हुकले. स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनासह जीएसएलव्हीचे यशस्वी उड्डाण व्हायला जानेवारी २०१४ उजाडले. मनुष्याला जिवंत नेऊन जिवंत परत आणण्याची विद्याही बाजारात विकत मिळणारी नाही.

आणि पोट भरल्यावरच आकाशाकडे पाहावे, हा विचार या मातीतला नाही. चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. तेराव्या शतकाच्या प्रारंभी निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला चंद्रग्रहणाच्या पर्वावर दान दिले. तेथील शिलालेखाच्या मराठी भागात बाजारातील मालावरचा आणि तेलाच्या घाण्यांवरचा हिस्सा मठाला लावून दिल्याची नोंद आहे. म्हणजे ग्रहगणितासाठी सार्वजनिक पैसा देण्याची परंपरा खानदेशात आठशे वर्षांची आहे! त्या काळी घाणेवाल्याला पोट नव्हते काय? २०१४ मध्ये मंगळयान पोहोचल्यावर न्यूयॉर्क टाइम्सने गाय घेऊन अंतराळ मंडळाचे दार ठोठावणारा भारतीय शेतकरी चितारला आणि नंतर क्षमा मागितली. परक्याने क्षमा मागितली. आपल्यातल्या काहींनी मात्र ते चित्र मनात टांगून ठेवले आहे.

पाठिंबा म्हणजे अंधभक्ती नव्हे. गगनयानासाठी २०२२ ची मुदत जाहीर झाली होती, ती पाळली गेली नाही; ९,०२३ कोटींचा आकडा दुपटीहून वाढला. नवी कामे जोडली गेली हे खरे, तरीही प्रत्येक टप्प्याचा खर्च आणि विलंबाची कारणे संसदेपुढे वेळेवर आली पाहिजेत. मात्र अंतराळवीराच्या सुरक्षेसाठी लागणारा विलंब आणि फायलीवर धूळ साचल्यामुळे होणारा विलंब यांतला भेद जनतेला कळतो.

म्हणून खानदेशाने चंद्र नको असे म्हणू नये. मागणी करावी ती इस्रोच्या शिस्तीची. उड्डाणाची वेळ देशाला आधी सांगितली जाते, अपयश आले तर ते सर्वांसमक्ष मान्य केले जाते, चूक शोधून पुन्हा यान उभे केले जाते. २०१९ च्या अपयशानंतर चारच वर्षांत चांद्रयान-३ उतरले ते याच रीतीने. श्रीहरिकोट्याची ती उलटी गणती एकदा पाडळशाच्या भिंतीवरही लिहा. मग चंद्राच्या खर्चाबद्दल खानदेशातला शेतकरी तक्रार करणार नाही.