शब्द तोडू नका

यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुक्यात राजूर आहे, शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा. दोन्ही गावे कोळशाच्या पट्ट्यातील. एकात जाणारा ‘राजुरात’ जातो, दुसऱ्यात जाणारा ‘राजुऱ्यात’. एवढ्याशा फरकाने मराठी दोघांना अचूक वाट दाखवते. पण ‘राजुरा त’ असे तोडून छापा, की वणीकडचा माणूस चंद्रपूर जिल्ह्यात पोहोचलाच म्हणून समजा!

हे तोडणे आता सर्रास चालते. फलकांवर, निमंत्रणपत्रिकांवर, परिपत्रकांत ‘गावा साठी’, ‘मुलां चे’, ‘सभे पूर्वी’ अशी भाषा दिसते. उलट ‘त्याच वेळी’ हे दोन शब्द आपण बिनदिक्कत जोडतो. हिंदीत ‘राम को’ सुटे लिहितात, म्हणून आपणही तसे लिहावे काय? मराठी नाम प्रत्यय लागताना आपले रूप पालटते. ‘घर’चे ‘घरा’ होते आणि हे ‘घरा’ एकटे उभे राहू शकत नाही. ‘शब्दयोगी’ अव्यय हे नावच जोडून लिहिण्याची आज्ञा आहे. ‘देवावर’ ही श्रद्धा. ‘देवा, वर’ ही मागणी!

कोणी म्हणेल, मोडीत शब्दांमध्ये जागाच सोडत नसत, तरी कारभार चालला. खरे, पण ती वाचणारा सरावलेला कारकून असे. युरोपातही लॅटिन पूर्वी सलग लिहीत. सातव्या-आठव्या शतकांत आयर्लंडमधील मठवासी शब्दांमध्ये जागा सोडू लागले, कारण लॅटिन त्यांची मातृभाषा नव्हती. म्हणजे ही रिकामी जागा अडखळणाऱ्या वाचकासाठी जन्मली. आज तीच चुकीच्या ठिकाणी सोडून आपण नुकत्याच वाचू लागलेल्या मुलाला अडखळवतो.

दुसरा आक्षेप संगणकाचा. तो जागा पाहून शब्द मोजतो. ‘राजूर’ शोधल्यास ‘राजुरात’ सापडत नाही. म्हणून प्रत्यय सुटे करा, असा सल्ला मिळतो. पण सुटे केल्यावर उरते ते ‘राजुरा’, ‘राजूर’ नव्हे! यंत्राला मराठीचे सामान्यरूप शिकवणे हाच उपाय. यंत्राच्या मापाने मराठी कापणे हा नव्हे.

वाचकहो, मजकूर छापखान्यात देण्यापूर्वी एवढेच पाहावे: तोडलेला तुकडा त्याच अर्थाने एकटा उभा राहतो काय? राहत नसेल, तर ती जागा नव्हे. तो घाव आहे.